मिस्त्रींना विचारा : आजोबांची बंद गिरणी

प्रश्न : माण तालुक्यात आमच्या गावी आजोबांची पिठाची गिरणी 15-16 वर्षं बंद आहे. इंजिनावरच्या पितळी पट्टीवर 'लिस्टर, डर्सली' आणि '6/1' असं वाचता येतं. भंगारवाला चांगला भाव देतोय, पण मला गिरणी चालू करायचीय. होईल का?

उत्तर : आधी त्या भंगारवाल्याला वाटेला लावा. डर्सली हे इंग्लंडात, ग्लॉस्टरशायरमधलं गाव. 1930च्या सुमारास तिथून ही संथ इंजिनं निघाली आणि इतकी टिकली, की पुढं राजकोटला त्यांच्या हुबेहूब नकला व्हायला लागल्या. तुमचं अस्सल दिसतंय. सहा घोड्यांचं, एका सिलिंडरचं, मिनिटाला 650 फेरे.

गेल्या गेल्या हँडल मारू नका. धुराड्यात उंदरांनी घर केलेलं असतं, ते काढा. जुनं डिझेल, ऑइल सोडून द्या. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) उतरवून त्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल टाका, दोन दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हातानं हलवून बघा. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिन उलटं मारलं की हँडल मनगट घेऊन जातं. माझं उजवं मनगट पावसाळ्यात अजून ठणकतं.

इंजिन होईल हो. खरं काम दगडाचं. वरचा दगड उचलायला चार माणसं घ्या आणि खाचांवरून हात फिरवा. गुळगुळीत लागल्या तर टाकी लावायला हवी, म्हणजे छिन्नीनं खाचा परत टोकरायच्या. तसला दगड धान्य कापत नाही, नुसता घासतो. पीठ तापतं, ज्वारीची विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. मग बायका गिरणीवाल्याला बोलतात, दगडाला नाही.

पट्टा उतरवण्याआधी फोटो काढून ठेवा, सरळ होता की पिळाचा. पीळ दिला की दगड उलटा फिरतो. खाचांची दिशा एकच असते, ती चुकली तर पीठ बाहेर यायचं सोडून आतच घुटमळतं.

टाकी लावल्यावर पहिलं चार-पाच किलो दळण टाकून द्या. जनावरांनाही घालू नका, त्यात दगडाची कच असते. आमच्या मालकांनी एकदा ते पीठ एका बारशाला दिलं होतं. अख्खी पंगत कचकच चावत होती, आणि मी वाढायला.

धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा बसवलेला दिसला तर तेवढा फेकू नका. त्याच्या कुक्-कुक् आवाजावरून गिरणी चालू झाल्याचं शेतापर्यंत कळायचं.