कापडी फुलं पाण्यात घालण्याआधी

ताई, महालक्ष्म्यांच्या सजावटीची फुलं घरीच धुताय, छान करताय. फक्त आधी फूल कशाचं आहे ते बघा. प्लास्टिकचं असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बिनधास्त बुचकळा. कागदी फुलांना पाणी नकोच. कापडी असेल तर एका पाकळीची मागची बाजू ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडक्याला रंग लागला, की ते फूल फक्त कोरड्या मऊ ब्रशनं झटकायचं. गडद लाल फुलांची ही परीक्षा मी कधीच चुकवत नाही.

सुरुवातीला चुका होतात त्या इथे:

- धूळ न झटकता थेट पाणी. त्याचा चिखल पाकळ्यांच्या घडीत बसतो. आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो, त्या दमट हवेत धूळ चिकटून राहते. म्हणून ब्रश आधी.
- कडकडीत गरम पाणी. चिकटवलेले जोड सुटतात.
- नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात वाळवणं. रंग उडतो, ग्लू मऊ पडतो. सावलीत, पंख्याखाली उलटी टांगा.

मिठाच्या पिशवीत घालून हलवणं, वाफ देणं या सफाईच्या पद्धती नंतर शिकवीन. आज एकच गुच्छ घ्या, आणि तारेचं देठ नीट पुसा, नाहीतर गंजतं.