ते पाकीट परत का केलंस?

पत्र असं आहे:

सलाम मावशी. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मिस्टर साखर कारखान्यात होते, दीड वर्षापूर्वी दोन्ही किडन्या गेल्या, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते योजनेतून होतं पण गाडीभाडं, वरची औषधं सगळं आपल्यालाच बघावं लागतं. मी शिवणकाम करते, मुलगी बारावीला आहे. पूर्वी रोज पहाटे प्रार्थना करायचे, आता गुडघे टेकले तरी शब्दच येत नाहीत. चर्चमधले एक भाऊ म्हणाले तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येत नाहीये, ते फार लागलं. हॉलमध्ये बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्राचं 4:13 हे वचन फ्रेम करून लावलंय, तिकडे आता बघवत नाही. मध्ये महिला मंडळाच्या बायका पाकीट घेऊन आलेल्या, ते मी परत दिलं, आम्ही आजवर देणाऱ्यातले. देव ऐकत नाहीये असंच वाटतं. आशा कुठून आणू?

सलाम गं. मावशी म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. जे लिहिणार आहे ते थोडं लागेल, पण लागू दे.

आधी त्या भाऊंचं उरकते. बायबलमधल्या त्या सोसणाऱ्या ईयोबाचे मित्र हेच म्हणत होते, तूच काहीतरी चुकला असशील, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. एवढं सगळं का सोसावं लागलं हे देवाने खुद्द ईयोबालाही सांगितलं नाही, तर तुझ्या नवऱ्याच्या किडन्या का गेल्या ते या भाऊंना कुठून कळलं? सोड तो विषय.

मला बोलायचंय त्या पाकिटाबद्दल, जे तू एका ओळीत उरकलंस. आशा कुठून आणू म्हणून मला विचारतेस आणि ती तुझ्या दारात येऊन उभी होती तर तिला चहा पाजून परत पाठवलीस! त्या बायका कोण आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. कोणी अंगणवाडीत मदतनीस असेल, कोणी दुसऱ्याच्या घरची भांडी घासत असेल, कोणी नवऱ्याला न सांगता पन्नासची नोट टाकली असेल. सगळ्यांनी मिळून ते पाकीट केलं, तुझ्या घरी कसं जायचं, काय बोलायचं हे ठरवलं, जाताना धाकधूक झाली असेल, आणि तू म्हणालीस नको. काय वाटलं असेल गं त्यांना?

आणि 'आम्ही देणाऱ्यातले' म्हणजे काय? इतकी वर्षं तू ज्यांना दिलंस, चर्चमध्ये हंगामाच्या सणाला अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावात वाढवून बोली लावलीस, कोणाच्या लग्नाला साडी नेलीस, कोणाच्या आजारपणात डबा पोचवलास, ते सगळे तुझ्यापेक्षा खालचे होते का? नव्हते ना? मग घेताना तुला खाली उतरल्यासारखं का वाटतंय? हे मला खटकलं, आणि तुझी परिस्थिती कितीही वाईट असली तरी या एका गोष्टीत मी तुझी बाजू घेणार नाही.

ती फ्रेम बघ परत. प्रेषित पौल हे कैदेतून लिहितोय. फिलिप्पैच्या मंडळीने त्यांच्यातल्याच एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवलेली, तो बिचारा त्या सेवेच्या नादात मरणाला टेकलेला, आणि त्या मदतीचे आभार मानता मानताच पौल म्हणतो की मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगाने मी सगळं करायला समर्थ आहे. आता बायबल काढ आणि लगेच पुढचं 14 वं वचन वाच. तिथे तो म्हणतोय की तरीही माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. म्हणजे त्याचं सामर्थ्य आणि त्याने घेतलेली मदत एकाच दमात आलेत, त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. तू 13 वं भिंतीवर लावलंस आणि 14 वं उंबऱ्यावरून परत पाठवलंस.

पेत्राने पण हेच केलं होतं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धूत होता आणि पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटतं. येशूने त्याचं कौतुक केलं का? नाही, सरळ म्हणाला मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. वर्षानुवर्षं चर्चमध्ये आपण हा उतारा सेवा करण्याबद्दल ऐकतो, पण करून घ्यायला पण शिकायचं असतं हे त्यातच लिहिलंय.

पंडिता रमाबाईंचं तुला माहीत असेल, केडगावचं मुक्ती मिशन आपल्याकडे कोणाला माहीत नाही. पण त्यांचं आधीचं आयुष्य कमी लोक वाचतात. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेले, अन्नाविना. वडील अनंतशास्त्री डोंगरे एवढे मोठे विद्वान, सगळ्या घराला संस्कृत येत होतं, आणि रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय की भीक मागायला आणि हलकं काम करायला आमचा अभिमान आड येत होता. हीच बाई पुढे अमेरिकेत गेली, गावोगाव भाषणं केली, हिंदुस्थानातल्या विधवांसाठी उघडपणे पैसे मागितले. 1887 साली बॉस्टनमध्ये लोकांनी त्यांच्यासाठी असोसिएशन काढली आणि त्या पैशावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा उभी राहिली. नंतर 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबाळींना घेऊन आल्या, त्यांनाही दुसऱ्यांनी दिलेल्या पैशातूनच जेवू घातलं. घेणं जमलं नसतं तर त्या मुलींचं काय झालं असतं सांग.

आता तुझी प्रार्थना. शब्द येत नाहीत म्हणालीस, ते वाचून मात्र मला भरून आलं. दीड वर्ष दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला पहाटे उठून सुंदर प्रार्थना सुचावी अशी देवाची अपेक्षा नाही, एवढं मी खात्रीने सांगते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवतोय ना, कफर्णहूमचा, चौघांनी छप्पर उकरून खाली सोडलेला? तो येशूला एक शब्दसुद्धा बोलल्याचं लिहिलेलं नाही. आणि तिथे असं लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे खाट उचलून आणणाऱ्यांचाही. तुझा स्वतःचा विश्वास या महिन्यात पुरत नसेल तर नसू दे, पण मग ज्यांचा पुरतोय त्यांना तुझ्या खाटेला हात तरी लावू दे. तू दार लावून घेतलंस आणि आतून म्हणतेस की देव ऐकत नाही.

म्हणून एकच सांगते, आणि ते करायचंच. या शनिवारी संध्याकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या घरी जा. फोन नको, मेसेज नको, स्वतः जा. मुलीला बरोबर ने, बारावीची पोर आईकडे बघून शिकतेय की संकट आलं की दारं बंद करायची, तिला दुसरं काहीतरी बघू दे. आणि सांग, त्या दिवशी माझं चुकलं, ते पाकीट मला हवंय. रडायला आलं तर रड. मग म्हण की माझ्याकडून प्रार्थना होत नाहीये, तुम्ही माझ्यासमोर करा, आणि तिथेच खाली बसून ऐक, आमेन म्हणायला जमलं नाही तरी चालेल. त्या नक्की विचारतील की आणखी काय लागतंय. तेव्हा 'काही नाही, प्रभूची कृपा' म्हणून उठायचं नाही, डायलिसिसला मिस्टरांबरोबर एक दिवस कोणीतरी गेलं तर मला शिवणाची कामं उरकता येतील असं स्पष्ट सांगायचं.

आणि हो, घरी आल्यावर कोणी किती दिले ते वहीत लिहून ठेवायचं नाही, परत फेडायला म्हणून. ते पैसे त्याच आठवड्यात औषधांवर खर्च कर.

तुझी मावशी