स्क्रिप्टमधून फाइल कॉपी होताना किती टक्के झालं हे टर्मिनलवर कसं दाखवायचं?

तुमचा प्रश्न असा: अंधेरीतल्या एडिटिंग स्टुडिओत लिनक्स मशीनवर एक बॅश स्क्रिप्ट आहे, ती कॅमेऱ्याच्या कार्डातलं फुटेज सीपी -आर ने बाहेरच्या यूएसबी डिस्कवर टाकते. स्क्रीनवर काहीच हलत नाही, आणि डिस्क न्यायला आलेला रनर दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारतो. सीपीलाच प्रोग्रेस दाखवायला लावता येईल का, नाहीतर दुसरं काय वापरावं?

जीएनयूच्या सीपीला तशी सोय नाही. -व्ही दिलंत तर फाइलींची नावं छापली जातात, पण ६० जीबीच्या क्लिपवर ते एकच नाव अर्धा तास तसंच पडून राहतं. सीपीवर पॅच मारून बार दाखवणाऱ्या आवृत्त्या मिळतात, पण दर अपडेटनंतर तो पॅच परत मारत कोण बसणार? सीपी सोडा आणि आरसिंक वापरा.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

आरसिंक -आरटीएच --इन्फो=प्रोग्रेस२ --नो-इन्क-रिकर्सिव्ह /मीडिया/कार्ड/ /मीडिया/डिस्क/शूट/

कार्डाच्या पाथपुढचा शेवटचा स्लॅश विसरू नका. तो नसेल तर शूट फोल्डरच्या आत आणखी एक कार्ड नावाचं फोल्डर तयार होतं. बहुतेक जण सवयीने -ए लिहितात, मी इथे मुद्दाम -आरटी दिलंय. एडिटरकडे मॅक असेल तर डिस्क बहुधा एक्सफॅट असणार, आणि एक्सफॅटवर मालक-परवानग्या साठवायला जागाच नाही. -ए दिलं की आरसिंक त्या लावायला जातो, एररची रांग लागते आणि शेवटी एक्झिट कोड २३ येतो. फुटेज नीट गेलेलं असतं, तुमची स्क्रिप्ट मात्र कॉपी फसली असं समजते. डिस्क फॅट३२ असेल तर वेगळाच वांधा: तिथे ४ जीबीच्या वरची एकही फाइल बसत नाही, आणि हे मोठी क्लिप ४ जीबीला पोचल्यावर कळतं. कॉपी सुरू व्हायच्या आधीच डीएफ मोठं -टी चालवून फाइलसिस्टिम कुठली आहे ते स्क्रिप्टने बघून घ्यावं.

--प्रोग्रेस आणि --इन्फो=प्रोग्रेस२ यांत फरक आहे. पहिला प्रत्येक फाइलचे टक्के वेगळे दाखवतो, म्हणजे बार शंभरवर जातो आणि पुढच्या फाइलला परत शून्यावर येतो. दुसरा सगळ्या कॉपीचे मिळून टक्के दाखवतो, रनरला हवे असतात ते हेच. तो ३.१.० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. जुन्या मॅकसोबत आलेला आरसिंक २.६.९ हा २००६ सालचा, त्याला हा पर्याय माहीतच नाही; तिथे होमब्रूमधून नवा घालावा लागतो.

--नो-इन्क-रिकर्सिव्ह कशाला? एरवी आरसिंक फाइलींची यादी करत करतच कॉपी करत जातो. यादी वाढली की एकूण आकडा वाढतो, आणि ६४ टक्क्यांवर गेलेला बार ५१ वर मागे येतो. हा पर्याय दिला की आधी पूर्ण यादी होते, मगच कॉपी सुरू. फाइली लाखांत असतील तर सुरुवातीला थांबावं लागेल, कार्डावरच्या दोन-चारशे फाइलींना ते जाणवणारही नाही.

कॉपी मध्येच तुटली आणि तुम्ही तीच कमांड परत चालवलीत, तर टक्के बघून दचकू नका. आरसिंक आधीच पोचलेल्या फाइली सोडून देतो, पण टक्के काढताना भाजक पूर्ण आकाराचाच धरतो. त्यामुळे सगळं नीट संपूनही शेवटचा आकडा ३७ टक्के असू शकतो. अशा वेळी ओळीच्या टोकाला असलेलं टू-चेक बघायचं: त्यातला डावा आकडा म्हणजे तपासायच्या राहिलेल्या फाइली.

फॉर लूप लावून फाइली मोजणं आणि त्यावरून टक्के काढणं हा उपाय बरेच जण सुचवतात. फुटेजसाठी तो निरुपयोगी. कार्डात प्रत्येक मोठ्या एमपी४ शेजारी काही केबीची एक्सएमएल असते, वर थंबनेल. दोनशे बारक्या फाइली दोन सेकंदांत उडतात आणि बार ९० वर जातो, मग उरलेल्या चार क्लिप तासभर घेतात. मोजायचे ते बाइट.

आता खरी मेख. बार शंभरला पोचला म्हणजे फुटेज डिस्कवर पोचलं, असं नाही. आरसिंक काय, पीव्ही काय, बाइट कर्नलच्या हवाली केला की तो झाला म्हणून मोजतात. कर्नल तो आधी रॅममध्ये ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. अशा न उतरलेल्या पानांना डर्टी म्हणतात, आणि व्हीएम.डर्टी_रेशो नेहमीच्या कर्नलमध्ये २० असतो, म्हणजे वापरता येण्याजोग्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत ती साठू शकतात. ३२ जीबी रॅमच्या मशीनवर साधारण ६ जीबी धरा. डिस्क यूएसबी २ च्या पोर्टात असेल तर सेकंदाला ३० एमबी गेले तरी पुष्कळ. ६००० भागिले ३० म्हणजे २०० सेकंद. बार शंभरवर, प्रॉम्प्ट परत आलेला, आणि तीन मिनिटांहून जास्त काम अजून बाकी. रनरने तेवढ्यात केबल उपटली की शेवटच्या क्लिप गेल्या, कधी कधी फाइलसिस्टिमही खराब होते. बार सुरुवातीला भन्नाट पळतो आणि नंतर रांगतो, त्याचं कारणही हेच: आधी रॅमचा वेग दिसत असतो, रॅम भरली की डिस्कचा.

म्हणून स्क्रिप्टमध्ये आरसिंकनंतर "झालं" छापू नका. तिथे सिंक -एफ /मीडिया/डिस्क ही कमांड शेवटी अँपरसँड लावून पार्श्वभूमीत सोडा आणि तिचा पीआयडी धरून ठेवा. किल -० ने ती जिवंत आहे का हे दर सेकंदाला बघत राहा, आणि जिवंत असेपर्यंत /प्रॉक/मेमइन्फो मधल्या डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळींची बेरीज ऑकने काढून दाखवा. तिथले आकडे केबीत असतात, १०२४ ने भागलं की एमबी. ओळ छापताना आधी बॅकस्लॅश आर, मग "डिस्कवर उतरायचे बाकी: ४८१२ एमबी", आणि शेवटी एस्केप, चौकोनी कंस, मोठं के. बॅकस्लॅश आर कर्सरला ओळीच्या सुरुवातीला आणतो, एस्केपचा तुकडा आधीच्या लांब ओळीचं शेपूट पुसतो. तो नसेल तर ४८१२ चं ९७ झाल्यावर मागची अक्षरं तशीच लोंबत राहतात. हा आकडा अख्ख्या मशीनचा असतो, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवर रेंडर चालू असेल तर तो शून्याला येणारच नाही. संपलं की नाही हे ठरवायचं ते सिंक परतल्यावरच. वेट करून तिचा एक्झिट कोड घ्या, मग अनमाउंट करा, आणि अनमाउंट यशस्वी झालं तरच "डिस्क काढा" छापा.

बार पहिल्यापासूनच खरा हवा असेल तर रूटने व्हीएम.डर्टी_बाइट्स २६८४३५४५६ करा, म्हणजे २५६ एमबी, आणि व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स त्याच्या निम्मं. मग बार डिस्कच्या फार पुढे धावू शकत नाही आणि उरलेल्या वेळेचा अंदाजही ताळ्यावर येतो. ही सेटिंग सगळ्या मशीनला लागू होते. फक्त कॉपीसाठी ठेवलेल्या मशीनवर मी ती बिनधास्त ठेवेन, एडिटिंगच्या मशीनवर नाही.

टार आणि पीव्ही जोडूनही हे करता येतं: एक टार कार्ड वाचतो, मध्ये पीव्ही, दुसरा टार डिस्कवर सोडतो. पीव्हीला एकूण आकार -एस ने सांगावा लागतो, तो डीयू -एसबी मधून घ्या. नाही सांगितला तर टक्के न दिसता नुसता वेग दिसतो. टार प्रत्येक फाइलीला ५१२ बाइटचं हेडर लावतो, त्यामुळे बार शंभरच्या किंचित पुढे जातो, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कार्डावर खराब सेक्टर आला तर पहिला टार एरर छापतो, पण त्या फाइलीचा उरलेला भाग शून्यांनी भरून पुढे चालू लागतो. दुसऱ्या टारला आकार बरोबर मिळतो, तो खूश. बॅश पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरवते, म्हणजे ० म्हणजे यशस्वी. एडिटरला क्लिपच्या मधून पुढे काळं सापडतं. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट -ओ पाइपफेल असलंच पाहिजे. तुमच्या कामाला मी तरी आरसिंकच ठेवेन. पीव्हीचा खरा उपयोग एकाच मोठ्या फाइलीला आणि डायलॉगच्या गेजला. पीव्ही -एन नुसते टक्क्यांचे आकडे स्टँडर्ड एररवर टाकतो, २>&१ करून ते डायलॉग --गेज कडे वळवले की निळ्या पडद्यावरचा बार तयार.

अख्ख्या कार्डाची इमेज घ्यायची असेल तर डीडीला स्टेटस=प्रोग्रेस आहे, कोअरयूटिल्स ८.२४ पासून, म्हणजे २०१५ पासून. सोबत बीएस=४ मोठं एम आणि ओफ्लॅग=डायरेक्ट द्या, म्हणजे लिहिताना मधली रॅम टळते आणि दिसतो तो वेग डिस्कचाच असतो.

आत्ता या क्षणी सीपी चालूच आहे आणि तो मारायचा नाही? प्रोग्रेस नावाचंच एक छोटं साधन पॅकेजमधून मिळतं. दुसऱ्या टर्मिनलवर प्रोग्रेस -डब्ल्यू चालवा, चालू असलेला सीपी स्वतः शोधून ते चालू फाइलचे टक्के आणि वेग दाखवतं. काही बसवायची मुभा नसेल तर /प्रॉक/पीआयडी/एफडी मध्ये एलएस -एल करा, पीआयडीच्या जागी सीपीचा नंबर. कार्डाकडे बोट दाखवणारा नंबर घ्या आणि एफडीइन्फो मधली त्याच नंबरची फाइल कॅट करा. पॉस पुढचा आकडा म्हणजे त्या फाइलीचे किती बाइट झाले.

शेवटचं म्हणजे, हीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून चालवणार असाल तर बार बंद ठेवा. लॉगमध्ये बॅकस्लॅश आर ओळ पुसत नाही, सगळे तुकडे एकामागोमाग चिकटून हजारो अक्षरांची एकच ओळ बनते. इफ [ -टी १ ] ने आउटपुट टर्मिनलवर जातंय का ते तपासा; जात असेल तरच --इन्फो=प्रोग्रेस२ जोडा, नाहीतर त्याच्या जागी --स्टॅट्स.