दत्तक नामंजूर झाला म्हणून आज शाळा कमी? (लक्ष्मी अय्यर यांच्या पेपरबद्दल)

तुम्ही विचारलंय की कोल्हापूर-बडोद्याची उदाहरणं देऊन लोक म्हणतात संस्थानं बरी होती, पण आकडे काढले तर शेती ब्रिटिश जिल्ह्यांत चांगली दिसते, मग खरं काय, आणि थेट इंग्रजी राज्य आणि संस्थानं यांची तुलना करणारा अर्थतज्ज्ञ लक्ष्मी अय्यर यांचा २०१० चा पेपर नेमकं काय म्हणतो. माझा आवडता पेपर आहे, दोन-तीनदा शिकवलाय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी शेतीचं बघू. इंग्रजांनी काही चिठ्ठ्या टाकून मुलूख घेतला नव्हता, जिथून सारा भरपूर येईल ते आधी गिळलं. मग नुसती तुलना करून फरक राज्यकारभाराचा की मातीचा हे कळणार कसं? क्लासवाले ९५ टक्केवाली पोरंच घेतात आणि निकालाचे बॅनर लावतात, तसलाच प्रकार.

आता अय्यर बाईंची युक्ती. डलहौसी गव्हर्नर जनरल होता १८४८ ते १८५६. त्या काळात राजा औरस मुलाशिवाय वारला की दत्तक नामंजूर, संस्थान खालसा. १८४८ ला साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज गेले, मरताना दत्तक घेऊनही राज्य गेलंच, पुढे झाशी, नागपूर. हे आपण शाळेत १८५७ च्या कारणांमध्ये पाठ केलेलं असतं, पण बाईंना त्यात वेगळंच दिसलं: राजाला मुलगा नसणं आणि त्याने नेमकं त्याच आठ वर्षांत मरणं, याचा तिथल्या जमिनीच्या कसाशी काय संबंध? काहीच नाही. म्हणजे हीच ती चिठ्ठी, इंग्रजांनी न टाकलेली.

असं बघितलं की शेतीतला फरक जवळजवळ उडून जातो, म्हणजे तो इंग्रजांच्या निवडीचा होता. उलट शाळा, आरोग्य केंद्रं, रस्ते या बाबतीत थेट इंग्रजांकडे गेलेले भाग स्वातंत्र्यानंतरही मागे दिसतात. आणि १८५८ नंतर दत्तक पुन्हा चालायला लागले, तर त्या काळात निपुत्रिक वारलेल्या राजांची संस्थानं घेऊनही त्यांनी तपासलं, तिथे असा फरक येत नाही. ही तपासणी मला मूळ निकालापेक्षा जास्त आवडते.

आता तुमचं कोल्हापूर-बडोदा. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गैरकारभाराच्या नावाखाली गादीवरून काढलं आणि नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला. शाहू महाराजही कागलच्या घाटग्यांकडून १८८४ ला दत्तक आलेले. सक्तीच्या शिक्षणासाठी आपण ज्या दोघांची नावं घेतो ते दोघेही दत्तक! डलहौसीचा जमाना असता तर काय झालं असतं कोण जाणे. आणि राजाच्या डोक्यावर पदच्युत होण्याची टांगती तलवार होती, कलेक्टरच्या डोक्यावर तशी नव्हती, मला वाटतं सगळी गोम इथे आहे.

पण एक गोष्ट खटकते. खालसा झालेली संस्थानं मोजकीच, आणि त्यात नागपूरकर भोसल्यांचं राज्य अवाढव्य, आजचा पूर्व विदर्भ आणि छत्तीसगडचा मोठा तुकडा. तिथे इंग्रजांनी नंतर मालगुजारी आणली, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांनाच गावचे जमीनमालक करणारी, जमीनदारीसारखी पद्धत. माझं आजोळ भंडाऱ्याकडचं, गावच्या तळ्याला अजून मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचा मामा. (लहानपणी मला वाटायचं माझ्याच मामाचा आहे.) मग तिथल्या मागासपणाला थेट इंग्रजी राज्य कारण की मालगुजार? बाईंचा अभिजित बॅनर्जींबरोबरचा २००५ चा पेपर आहे ना, जमीनदारी असलेल्या जिल्ह्यांत शेती मागे राहिली असं म्हणणारा, त्याच्यावरही पुढे मोठा आक्षेप आला तो याच मध्य प्रांतातल्या (नागपूर ज्यात होतं त्या इंग्रजी प्रांतातल्या) जिल्ह्यांना जमीनदारीत धरण्यावरून, ते दुरुस्त केल्यावर शेतीतला फरक राहत नाही असा. म्हणजे दोन्ही पेपरांत गाडी आमच्याच भागात येऊन अडते.

तुम्ही स्टाटा (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर पहिल्यांदा नागपूर राज्यातले जिल्हे काढून टाका, मग सातारा वगैरेवर निकाल किती टिकतो ते बघा आणि इथेच टाका.