वाळवंटातला सराव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मे महिना जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. उतारावर ब्रेक कुठे सोडावा, चढावर गिअर कधी बदलावा हे प्रश्न मागे पडतात आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिको, दक्षिण युटाह या भागांतले वाचक उन्हाविषयी विचारू लागतात. मी बारा वर्षे ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये राहून माउंटन बाइकच्या शर्यती करतो आहे. म्हणून या वेळी वाळवंटाशी संबंधित चार पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून फिनिक्सला राहायला आलो. मी कॅटेगरी २ या हौशी स्पर्धकांच्या गटात शर्यती करतो. येथे मे महिन्यापासून माझा सराव पार कोलमडतो. ठरलेले वॉट (पेडलवर लावलेल्या जोराचे माप) निघत नाहीत, हृदयगती मात्र वर जाते आणि दोन तासांनी डोके दुखू लागते. माझी ताकद कमी झाली आहे का?

उत्तर : ताकद कमी झालेली नाही, पायांच्या वाट्याचे रक्त त्वचेकडे वळते आहे. स्नायूंना प्राणवायू पोहोचवणे आणि शरीरातली उष्णता त्वचेपर्यंत आणून बाहेर टाकणे, ही दोन्ही कामे त्याच रक्ताला करावी लागतात. त्यातच घामावाटे पाणी गेले की रक्ताचे आकारमान घटते, दर ठोक्याला कमी रक्त पुढे जाते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. थंडीतल्या सकाळी ज्या वॉटला माझी हृदयगती १५० असते, त्याच वॉटला जूनमध्ये उन्हे वर आल्यावर ती १६५ वर गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. अशा दिवशी वॉटचा आकडा गाठायचा हट्ट धरला, तर सोप्या फेरीच्या नावाखाली शर्यतीइतका ताण शरीरावर पडतो. म्हणून उन्हाळ्यातल्या सोप्या फेऱ्या हृदयगती पाहूनच कराव्यात आणि वॉट कमी दिसले तर ते तसेच स्वीकारावेत.

डोकेदुखीचे कारण बहुधा घामात सापडेल. किनाऱ्यावर घाम निथळताना दिसतो. येथील हवा इतकी कोरडी असते की तो त्वचेवर येताक्षणीच उडून जातो आणि आपल्याला फारसा घाम आलाच नाही असे वाटते. फेरी संपल्यावर कपाळावरून बोट फिरवून पाहा : बोट ओले होत नाही, त्याला मिठाची कणी लागते. हेल्मेटच्या पट्ट्यांवरही पांढऱ्या रेघा उठलेल्या असतात. त्यामुळे अंदाजावर न विसंबता वजनकाटा वापरावा. फेरीआधी आणि फेरीनंतर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. घटलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरावे, त्यात वाटेत प्यालेले पाणी मिळवावे आणि येणाऱ्या बेरजेला तासांनी भागावे. माझा जूनमधला आकडा तासाला सव्वा लिटरच्या आसपास येतो. तुमचा वेगळा असेल. मात्र नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम पातळ होते आणि डोकेदुखी, मळमळ, पुढे गोंधळलेपणाही येऊ शकतो. लांब फेरीत दर लिटरमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम घेणे मला मानवले आहे.

शरीर उन्हाला सरावते, आणि त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. मात्र हे दिवस कठीण सरावाचे नसतात. रोज तासभर, गप्पा मारता येतील इतक्याच जोराने, सकाळी उशिरा फिरावे, इतके पुरे. नंतर दोन-तीन आठवडे उन्हापासून दूर राहिलात तर बराचसा फायदा निघून जातो, हेही ध्यानात असू द्यावे.

खरा सराव पहाटे. ॲरिझोनात, नावाहो नेशनचा (नावाहो या मूळ निवासी लोकांचा) भाग सोडला तर, उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करीत नाहीत. त्यामुळे जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो. पावणेपाचला दिवा लावून निघायचे आणि आठच्या आत घरी यायचे, असा माझा नेम आहे. तुमच्या शहरात मात्र पहाटही नेहमी साथ देत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या (११० फॅरनहाइट) वर होते आणि त्याच काळात सलग सोळा रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरला नाही. दिवसभर तापलेला डांबराचा आणि काँक्रीटचा थर रात्रभर उष्णता सोडत राहतो. अशा आठवड्यांत कठीण इंटरव्हल (थोडा वेळ पूर्ण जोर, मग विसावा, असे टप्पे) घरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, मोठा पंखा समोर ठेवून करावेत. बाहेर जाणे सोडले म्हणून कोणी कच्चा खेळाडू ठरत नाही. आठवड्यातून एकदा उंची गाठता आली तर उत्तमच : फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटरवर आहे, टूसॉनजवळच्या माउंट लेमनचा माथा सुमारे २,७९० मीटर उंच आहे आणि खालच्या शहरापेक्षा तो बहुधा पंधरा-सोळा अंशांनी थंड असतो. खाली सग्वारो निवडुंग उभे आणि तासाभराने वर पाइनच्या सावलीत जॅकेट शोधायची वेळ, हा बदल मला अजूनही दर वेळी नवा वाटतो. तेथे हवा विरळ असल्याने वॉट पुन्हा कमी दिसतील, तेव्हा आकडे थोडे खाली घेऊनच इंटरव्हल करावेत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखे झाले किंवा सोबतचा गडी असंबद्ध बोलू लागला, तर तो सरावाचा थकवा नसतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा आणि मदत येईपर्यंत थांबून न राहता सावली, पाणी, बर्फ, जे हाती लागेल त्याने अंग थंड करायला लागावे.

प्रश्न : सहा आठवड्यांपूर्वी एका धुळीच्या शर्यतीनंतर मला ताप आणि खोकला झाला. प्रतिजैविके घेऊनही थकवा जात नाही आणि पूर्वीचा चढ आता निम्म्यातच सोडावा लागतो. हा अतिसरावाचा परिणाम असेल का? (टूसॉन)

उत्तर : असू शकतो; पण त्याआधी डॉक्टरांना व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करायला सांगा, आणि हे मी स्वानुभवाने, कळकळीने लिहितो आहे. वाळवंटी मातीत राहणाऱ्या कॉक्सिडिऑइडिस या बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर श्वासात जातात आणि एक ते तीन आठवड्यांत खोकला, ताप, सांधेदुखी, कमालीचा थकवा सुरू होतो. अमेरिकेतले बहुतेक रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातच आढळतात. संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून ज्यांना जाणवतो त्यांचे निदान अनेकदा साध्या न्यूमोनियावर थांबते.

माझेही तसेच झाले. एका दवाखान्यात मला दोनदा प्रतिजैविके दिली गेली, पण ती औषधे जिवाणूंवर चालतात, बुरशीवर नाही. पाचव्या आठवड्यात घराचा जिना चढताना मी मधल्या पायरीवर बसलो. त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तपासणी करवली. पहिल्या तपासणीत काही दिसले नाही, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या वेळी निदान झाले. त्या मधल्या काळात मी स्वतःला आळशी समजून आणखी इंटरव्हल करीत होतो, याचे मला आजही वाईट वाटते. तुम्ही ती चूक करू नका.

पुष्कळ रुग्ण बुरशीविरोधी औषधाशिवाय बरे होतात. औषध द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा गर्भारपण असेल, तर जराही वेळ दवडू नये. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरच्यांची काळजी करण्याचे कारण नाही. सरावाविषयी म्हणाल तर काही आठवडे, प्रसंगी महिने, शर्यतींचे वेळापत्रक बाजूला ठेवावे लागेल. पुन्हा सुरुवात करताना आज अर्धा तास सपाटीवर फिरून उद्या सकाळी कसे वाटते ते पाहावे आणि मगच पुढचे ठरवावे. धूळ पूर्णपणे टाळणे येथे कोणालाच शक्य नाही. तरी वावटळीच्या दिवशी घरी थांबणे आणि कोरड्या ट्रेलवर पुढच्याच्या धुळीत न राहता अंतर ठेवणे, एवढे तर करता येते.

प्रश्न : चोयाचे काटे आणि सततचे पंक्चर यांनी मी कंटाळले आहे. काही उपाय?

उत्तर : खिशात एक फणी ठेवा. चोया निवडुंगाचा तुकडा नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतो आणि त्याच्या काट्यांना उलटे दाते असतात, म्हणून हाताने ओढायला गेले की तो हातालाही धरतो. फणीचे दात तुकडा आणि त्वचा यांच्या मधे सरकवून एका झटक्यात तो बाहेरच्या बाजूला उडवावा. त्या दिशेला कोणी उभे नाही ना, हे आधी पाहावे. उरलेले काटे चिमट्याने, एकेक करून.

टायरचा खरा शत्रू मात्र जमिनीलगत पसरणारा सराटा. येथे त्याला गोटहेड म्हणतात; तोच तुमच्या-आमच्या ओळखीचा पिवळ्या फुलांचा सराटा. ट्यूबलेस टायर आणि आत ताजे सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) हाच त्यावरचा मार्ग आहे, पण कोरड्या उष्णतेत सीलंट फार लवकर वाळते. चार ते सहा आठवड्यांनी टायरमध्ये ते द्रव आहे का, हे पाहात जावे. आणि पहाटे २२ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरली असेल, तर टायर वीस अंशांनी तापल्यावर ती २४ च्या पुढे जाते, तेव्हा भरतानाच थोडी कमी भरावी.

प्रश्न : या भागातली माझी पहिली मोठी शर्यत कोणती असावी? (सांता फे)

उत्तर : येथील शर्यतींचा मोसम हिवाळ्यापासून वसंतापर्यंत असतो, म्हणून पाया ऑगस्टपासूनच घालायला लागा. एकट्याने लांब अंतर करायचे असेल तर वसंतात प्रेस्कॉटला होणारी व्हिस्की ऑफ-रोड चांगली : गाव १,६०० मीटरच्या वर असल्याने हवा सुखद असते, आणि तुम्ही तर त्याहूनही उंचावर राहता. पहिलीच वेळ असेल तर मात्र चौघांचा संघ करून टूसॉनच्या उत्तरेला फेब्रुवारीत होत आलेल्या ट्वेंटी-फोर अवर्स इन द ओल्ड प्यूब्लो या शर्यतीत उतरा, असे मी सांगेन. सुमारे पंचवीस किलोमीटरची फेरी आळीपाळीने दिवसरात्र करायची असते. फेब्रुवारीत तेथे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जवळजवळ तेरा तास जातात आणि पहाटे पारा शून्याच्या जवळ उतरू शकतो, म्हणून प्रत्येक फेरीसाठी कोरडे हातमोजे वेगळे बांधून ठेवा आणि डिसेंबरपासून आठवड्यातून एक रात्र दिव्याच्या उजेडात ट्रेलवर काढा. दिव्यात चोयाची सावली ट्रेलवर आडवी पडते आणि वाट आहे त्यापेक्षा अरुंद दिसते. डोळ्यांना त्याची सवय व्हायला चार-पाच रात्री लागतात.