पुण्यातल्या थंडीत कुठली क्राफ्ट बिअर ट्राय करावी?
सरळ स्टाउट नाहीतर पोर्टर, म्हणजे काळी बिअर मागवा, ती गव्हाची हलकी बिअर, हेफेवायझन, मे महिन्यासाठी ठेवा. स्टाउटमध्ये बार्ली अगदी काळी होईपर्यंत भाजलेली असते म्हणून कॉफी, डार्क चॉकलेटसारखी कडवट चव येते. फक्त बर्फासारखी चिल्ड पिऊ नका राव, ग्लास जरा वेळ हातात धरून बसा, १०-१२ डिग्रीला आली की खरा वास सुटतो. इम्पीरियल स्टाउट, म्हणजे जास्त कडक स्टाउट असेल तर छोटा ग्लासच, ८-१० टक्के अल्कोहोल असतं, कधी त्याहून जास्त. मुंढवा, कोरेगाव पार्क साईडला बिअर प्यायला गेलात तर आधी टेस्टर, म्हणजे चाखायचे छोटे ग्लास मागा, हलकीपासून सुरू करून काळी शेवटी, नाहीतर नंतरचं सगळं पाणीच लागतं. सोबत मटण सुक्कं भारी जातं, फ्राईज कशाला उगाच.