नर्सचा सेवासमाप्ती करार लिहिताना

नोकरी संपताना नर्सशी करायच्या कराराचा पहिलाच मसुदा करते आहेस म्हणून सांगते, जुना नमुना उचलून नुसतं नाव बदलू नकोस. आधी हिशेब दोन भागांत मांड. राहिलेला पगार, रात्रपाळीचा भत्ता, ओव्हरटाइम हे तिचं कमावलेलं आहे. सहीसाठी ते अडवून ठेवायचं नाही. सहीच्या बदल्यात द्यायची रक्कम त्याहून जादा हवी, नाहीतर दावे सोडल्याचं कलम, म्हणजे नोकरीबद्दल पुढे काही मागणार नाही ही तिची कबुली, टिकणं अवघड.

नर्सच्या बाबतीत खरी गोम विम्याची. व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकीबद्दल भरपाई मागितली गेली तर त्यासाठीचा विमा, फक्त मुदतीत आलेल्या दाव्यांपुरती असेल, तर नोकरी सुटल्यावर जुन्या ड्यूटीचा दावा आला की ती उघड्यावर पडते. चुकीच्या डोसची तक्रार कधीकधी फार उशिरा येते. तेव्हा नोकरी सुटल्यावर येणाऱ्या दाव्यांसाठीच्या संरक्षणाचा हप्ता कोण भरणार, हे स्पष्ट लिही. घटनेच्या तारखेवर चालणारी पॉलिसी असेल, म्हणजे घटना मुदतीतली असली की दावा नंतर आला तरी चालणारी, तर तसं नोंदव.

गोपनीयतेचं कलम घाल, पण रुग्णसुरक्षेबद्दल नियामकाकडे तक्रार करण्याचा आणि चौकशीत साक्ष देण्याचा हक्क त्यातून वगळ. तिचं तोंड बंद करणारा करार आपल्या हातून लिहिला जाऊच नये, असं मला मनापासून वाटतं.

अनुभव प्रमाणपत्राचा ठरलेला मजकूर सोबत जोड. ओळखपत्र, चाव्या परत करणं एका ओळीत उरक.

आणि रात्रपाळी संपवून आलेल्या बाईसमोर कागद सरकवून ‘इथे सही’ म्हणू नकोस. मसुदा घरी नेऊ दे, वकिलाला दाखवू दे. विचाराला किती दिवस द्यायचे ते लागू कायद्यात बघ आणि करारातच लिही.